पेप्टाइडांची आशा आणि आपल्यासमोरचा रुग्ण

औषधनिर्मात्यांचे प्रतिनिधी चिकित्सालयात जी माहितीपत्रके ठेवून जातात, त्यांतील शब्द दर काही वर्षांनी बदलतात. एके काळी 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाचा सुकाळ होता. पुढे 'इम्युनोमॉड्युलेटर' आला. आता 'अँटीमायक्रोबियल पेप्टाइड' या शब्दाने त्यांची जागा घेतल्याचे आम्ही पाहत आहो. अलीकडेच आमच्या हाती आलेल्या अशा एका पत्रकात एका अवलेहाच्या छायाचित्राखाली, शरीरातील पेप्टाइडे जागृत होऊन क्षयाच्या जंतूंचा नाश होतो, अशा आशयाचा मजकूर छापलेला होता. निर्मात्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. एकाचे नाव घेतले तर इतरांस आपण सुटलो असे वाटेल.

या शब्दामागील संशोधन खोटे असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ते खरे आहे आणि गेली चाळीसहून अधिक वर्षे जगातील उत्तम प्रयोगशाळांत चालले आहे. त्यात आयुर्वेदाच्या अभ्यासकाने मनापासून लक्ष घालावे असेही पुष्कळ आहे. म्हणूनच हे संशोधन कोठपर्यंत पोहोचले आहे आणि कोठे थांबले आहे, याचा थोडा विस्ताराने ऊहापोह करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या जिल्ह्याविषयी 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे थट्टेने म्हटले जाते. क्षयाच्या बाबतीत मात्र जर्मनीचा उल्लेख थट्टेवारी नेता येत नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांस क्षय झाला आणि साडेबारा लाख मृत्यू पावले. रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के एकट्या भारतातील होते. औषधे उपलब्ध असताना हे घडते आहे, आणि ज्या औषधांवर भिस्त आहे त्यांना जंतू दाद देईनासा झाला आहे, हे त्याहून चिंताजनक. नव्या औषधाचा शोध या निकडीतून चालला आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. प्रथिनाचे धाकटे भावंड म्हटले तरी चालेल. प्राणी, वनस्पती, कीटक आणि जंतू हे सारेच स्वसंरक्षणासाठी अशा साखळ्या तयार करतात. स्वीडनमधील हान्स बोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रेशीम पतंगाच्या एका जातीत 'सेक्रोपिन' शोधले. कीटकांना आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. तरीही जंतूंनी भरलेल्या जगात ते तग धरून राहतात, याचा उलगडा त्यातून झाला. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ यांनी बेडकाच्या त्वचेतून 'मॅगेनिन' वेगळे केले. शस्त्रक्रियेनंतर बेडूक प्रयोगशाळेच्या गढूळ पाण्यात सोडले, तरी त्यांच्या जखमा चिघळत नसत. हे नेहमीचे दृश्य त्यांनी कुतूहलाने पाहिले, हेच त्या शोधाचे मूळ.

बेडकाचा विषय निघाला म्हणून एक आपल्याकडील गोष्ट. २०१५ मध्ये पुण्यातील अभ्यासकांनी पश्चिम घाट परिसरातील एका बेडकाचे नवी जाती म्हणून वर्णन केले आणि तिला 'बहुविस्तरा' असे शुद्ध संस्कृत नाव दिले. दोनच वर्षांनी याच बेडकाच्या त्वचेतील एक पेप्टाइड इन्फ्लुएंझाच्या काही विषाणूंस नष्ट करते असे प्रसिद्ध झाले. केरळातील उरुमी या लवचिक तलवारीवरून त्याला 'उरुमिन' हे नाव मिळाले. आणखी एक गोष्ट आपल्या राज्यातील. मुंबईत परळ येथे प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथील संशोधकांनी जगभर सापडलेल्या अशा पेप्टाइडांची सूची 'कॅम्प' या नावाने २०१० मध्ये संगणकावर खुली केली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्याही काढल्या. परदेशातील प्रयोगशाळा आज ती वापरतात. या क्षेत्रात आपण केवळ वाचक आहोत असे समजण्याचे कारण नाही.

आता क्षयाकडे वळू. ही पेप्टाइडे बहुधा धन विद्युत्भाराची असतात आणि जंतूंचे आवरण ऋण भाराचे असते. त्यामुळे पेप्टाइड आवरणाला चिकटते, त्यात शिरते आणि त्याला भोके पाडते. नेहमीची प्रतिजैविके जंतूच्या एखाद्या यंत्रणेत खीळ घालतात. जंतूने ती यंत्रणा किंचित बदलली की औषध निरुपयोगी होते. संपूर्ण आवरण बदलणे त्याला इतके सोपे नाही, म्हणून पेप्टाइडांस प्रतिकार सावकाश निर्माण होईल अशी अपेक्षा आहे. सावकाश म्हणजे कधीच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. क्षयाच्या जंतूपाशी आपल्या आवरणाचा ऋण भार कमी करून पेप्टाइडांना दूर ठेवणारे एक जनुक असल्याचे दिसून आलेच आहे. शिवाय या जंतूभोवती मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो आणि तो आपल्याच भक्षक पेशींच्या पोटात दडून राहतो. तेथवर औषध पोहोचवणे हीच मोठी अडचण आहे.

मानवी शरीरात याच कामाची पेप्टाइडे आहेत. श्वेतपेशी आणि श्वासमार्गाचे अस्तर यांत 'एलएल-३७' नावाचे सदतीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड तयार होते. लसीकापेशींत 'ग्रॅन्युलायसिन' असते आणि ते क्षयाच्या जंतूस मारते, असे १९९८ मध्ये सिद्ध झाले. मेक्सिकोतील संशोधकांनी २०१३ मध्ये क्षयाची बाधा झालेल्या उंदरांच्या श्वासनलिकेत एलएल-३७ सोडले, तेव्हा फुप्फुसांतील जंतूंची संख्या घटली. उंदरांतील हा निष्कर्ष आशादायक आहे. परंतु पत्रक लिहिणारे ज्या शोधाचा आधार घेतात तो बहुधा २००६ मधील आहे, आणि त्याची पुढची कथा ते सांगत नाहीत. ती आम्ही सांगतो, कारण आमच्या मते या सर्व विषयातील शिकण्यासारखा भाग तोच आहे.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, भक्षक पेशीला क्षयजंतूची चाहूल लागली की ती 'ड' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने एलएल-३७ हे पेप्टाइड तयार करते आणि त्याने जंतू मरतो. ज्यांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व कमी, त्यांच्या रक्तद्रवात वाढवलेल्या पेशींत हे पेप्टाइड कमी तयार होत होते. हा शोध किती सुंदर होता हे सांगायला नको. सूर्यप्रकाश आणि क्षय यांचा संबंध एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकाला ठाऊक होता. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि आरोग्यधामांतील उन्हात पहुडलेले रुग्ण, हे सारे आता पेशीच्या पातळीवर उलगडले असे वाटले. औषध जवळजवळ सापडलेच होते आणि तेही स्वस्त.

मग प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या झाल्या. लंडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत 'ड' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. थुंकी जंतुमुक्त होण्याच्या कालावधीत एकंदर रुग्णांत भरवशाचा फरक पडला नाही; एका विशिष्ट जनुकीय ठेवणीच्या थोड्या रुग्णांतच तो दिसला. तामिळनाडूतील रुग्णांवरील चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही लाभ आढळला नाही. उपचारात नाही तर निदान प्रतिबंधात तरी उपयोग होईल, म्हणून मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचे फलित आले. 'ड' जीवनसत्त्व घेणारी आणि न घेणारी मुले यांत क्षयसंसर्गाच्या प्रमाणात फरक नव्हता. बांगलादेशातील एका चाचणीत फेनिलब्युटिरेट या द्रव्याच्या जोडीने थोडा लाभ दिसला, एवढाच काय तो दिलासा.

काचपात्रातील पेशीत जे घडते ते खोकणाऱ्या माणसात घडेलच असे नाही. कार्यकारणाची साखळी कितीही सुबक असली तरी तिचे शेवटचे टोक रुग्णाच्या थुंकीत आणि वजनात दिसावे लागते. आधुनिक वैद्यकाने हा धडा आपल्याच आवडत्या कल्पनेवर चाचण्या लावून घेतला आणि प्रतिकूल निष्कर्ष छापूनही टाकला, याचे आम्हांस कौतुक वाटते. आपल्या क्षेत्रात प्रतिकूल निष्कर्ष छापण्याची पद्धत अजून रुजायची आहे.

थेट पेप्टाइडच औषध म्हणून द्यावे, तर त्यात वेगळ्या अडचणी आहेत. तोंडावाटे घेतलेल्या पेप्टाइडाचे जठर आणि आतडी डाळीतील प्रथिनाप्रमाणेच तुकडे करतात. रक्तात सोडले तर तेथील विकरे त्याला फार काळ टिकू देत नाहीत. मात्रा वाढवली तर काही पेप्टाइडे तांबड्या पेशीही फोडतात. शिवाय कारखान्यात ती बनवण्याचा खर्च मोठा. या क्षेत्रात सर्वांत पुढे गेलेले, मॅगेनिनवर आधारित एक मलम मधुमेहींच्या पायाच्या व्रणांसाठी तयार झाले होते. त्यालाही अमेरिकन औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मान्यता नाकारली. क्षयासाठी पेप्टाइड जातीचे एक औषध मात्र अनेक वर्षे वापरात होते. सुईने द्यायचे कॅप्रिओमायसिन हे जंतूंपासून मिळालेले वलयाकार पेप्टाइडच आहे. बहुऔषधप्रतिरोधी क्षयात ते दिले जाई. कानांवर आणि वृक्कांवर होणारे दुष्परिणाम आणि अपेक्षेहून कमी लाभ पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात त्याची शिफारस काढून घेतली. २०१५ मध्ये मातीतील जंतूपासून मिळालेले टेक्सोबॅक्टिन क्षयजंतूलाही मारते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यावर काम चालू आहे. परंतु क्षयाच्या रुग्णाला आज लिहून द्यावे असे या वर्गातील एकही नवे औषध बाजारात नाही.

आता आपल्या द्रव्यांविषयी. वनस्पतींतही जंतुघ्न पेप्टाइडे आहेत, मग आपल्या काढ्यांत ती नसतील काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची हेटाळणी करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. १९६० च्या दशकात काँगोमध्ये काम करणारे नॉर्वेचे डॉक्टर लॉरेन्ट्स ग्रान यांनी, प्रसूती लवकर व्हावी म्हणून तेथील स्त्रिया एका वनस्पतीचा काढा घेतात, असे पाहिले. ती वनस्पती होती ओल्डेनलँडिया ॲफिनिस. केरळात पर्पट म्हणून वापरली जाणारी ओल्डेनलँडिया कॉरिम्बोसा तिची सख्खी बहीण होय. त्या काढ्यातील क्रियाशील द्रव्य पेप्टाइड निघाले, आणि ते उकळूनही नष्ट होत नव्हते. पुढे कळले की या पेप्टाइडाची दोन्ही टोके एकमेकांस जोडलेली असून आत गंधकाच्या तीन गाठी असतात. टोकच नसल्याने विकरांना कुरतडायला जागा सापडत नाही. या वर्गाला 'सायक्लोटाइड' म्हणतात. आपल्या कुंपणावर फुलणाऱ्या गोकर्णीत, म्हणजे अपराजितेत, ती असल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. बनप्शातही ती आहेत.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की क्वाथात पेप्टाइड टिकूच शकत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. दुसरी ही की सर्वच पेप्टाइडे टिकतात असेही म्हणता येत नाही. साध्या सरळ साखळीची पेप्टाइडे जठराग्नीतून सहीसलामत बाहेर पडणे कठीण, आणि गजपुटातून गेलेल्या भस्मात तर कोणतेही पेप्टाइड उरणार नाही. तरीही भस्मयुक्त कल्पाच्या वेष्टनावर हा शब्द छापला जातो, तेव्हा छापणाऱ्याला रसशास्त्रही कळलेले नसते आणि रसायनशास्त्रही. गोकर्णीत सायक्लोटाइड आहे म्हणून गोकर्णी क्षयावर चालते, हेही सिद्ध होत नाही. आपल्या संघटनेतील ज्या औषधनिर्मात्यांपाशी साधने आहेत, त्यांनी आपल्या एखाद्या क्वाथातील पेप्टाइडांची तपासणी चांगल्या प्रयोगशाळेकडून करून घेतली आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो याच पानांवर छापला, तर ते रंगीत पत्रकांपेक्षा शतपट मोलाचे ठरेल.

आयुर्वेदाच्या ज्ञानातून क्षयचिकित्सेत प्रत्यक्ष भर पडल्याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहेच. त्रिकटूतील पिप्पली आणि मरीच यांमुळे इतर औषधे शरीरात अधिक शोषली जातात, या जुन्या अनुभवाचा जम्मू येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने अनेक वर्षे पाठपुरावा केला. पायपरिनच्या जोडीने रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता येते असे रुग्णांवरील चाचण्यांत दाखवले गेले आणि २००९ मध्ये असे संयुक्त औषध भारतात आले. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या औषधयोजनेत ते नाही. तरी ज्या वाटेने ते आले ती वाट अनुकरणीय आहे. म्हणून सितोपलादीत पिप्पली असते या कारणाने रुग्णाच्या रिफॅम्पिसिनची मात्रा कोणी मनाने कमी करू लागला, तर मात्र ते अक्षम्य होईल.

या सगळ्यात रुग्णाचे काय होते, हा आमच्या लेखाचा खरा विषय आहे. तीन आठवडे खोकला असलेला शेतमजूर गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या बाजारपेठेत पहिल्यांदा येतो तो बहुधा मोठ्या रुग्णालयात येत नाही. तो औषधाच्या दुकानात येतो किंवा आपल्यापैकी कोणाच्या तरी चिकित्सालयाची पायरी चढतो. त्याला पंधरा दिवसांचा अवलेह मिळाला आणि थोडे बरे वाटले, तर तो आणखी पंधरा दिवस घालवतो. तेवढ्या काळात घरातील सून, नातवंडे आणि शेजारी यांच्यापर्यंत जंतू पोहोचलेला असतो. सुश्रुताने निदानस्थानात कुष्ठ आणि ज्वराबरोबर शोषाचीही गणना माणसाकडून माणसाकडे संक्रांत होणाऱ्या रोगांत केली आहे. तेव्हा संसर्गाची कल्पना परकी आहे, ही सबब तरी आपण सांगू शकत नाही.

चुकीच्या आणि अपुऱ्या उपचारांची किंमत काय असते, ते मुंबईने पाहिले आहे. डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धारावीच्या पाहणीत सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत पुन्हा तसेच पाहिले. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि त्यांत बिनचूक फक्त सहा. या डॉक्टरांत आपल्या पदवीचे कोणी नव्हते, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? २०१२ च्या आरंभी हिंदुजा रुग्णालयातून बातमी आली, की चार रुग्णांतील जंतू तपासलेल्या सर्व औषधांना दाद देत नव्हता. शासनाने 'पूर्णतः प्रतिरोधी' ही संज्ञा मान्य केली नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या तिच्यावर वाद होऊ शकतो. परंतु त्या चारांपैकी तिघांना आधी अनेक खाजगी डॉक्टरांकडून एकेक औषध वाढवत, चुकीच्या मात्रेत आणि देखरेखीशिवाय उपचार मिळाले होते. या वस्तुस्थितीवर वाद नाही. आपल्या राज्यात आयुर्वेदाचे पदवीधरही आधुनिक औषधे लिहितात. तेव्हा हा आरोप दुसऱ्या पॅथीचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी कायद्याचे थोडे. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत क्षयरोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. दुकानात लावलेला फलक आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकलेले पत्रक या जाहिरातीच होत. 'पेप्टाइड' हा नवा शब्द वापरल्याने जुना कायदा सैल होत नाही. मार्च २०१४ पासून क्षयाची प्रमुख औषधे 'एच-१' परिशिष्टात आहेत. विक्री चिठ्ठीवरच करायची, वेगळ्या नोंदवहीत रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, हे त्यात येते. क्षयरुग्णाची शासनाला सूचना देणे मे २०१२ पासून खाजगी चिकित्सकांवर बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेतेही त्यात आले. सूचना दिली तर रुग्ण हातचा जाईल ही भीती आम्हांस ठाऊक आहे. प्रत्यक्षात निदान आणि औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात, आणि ती घेत असतानाही रुग्ण पथ्य, अग्नी, झोप, खोकला यांसाठी आपल्याकडे येतच राहतो.

तेथे आपले काम खरोखर मोठे आहे. चरकाने राजयक्ष्म्याची साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे सांगितली. त्यांतील शक्तीबाहेरचे श्रम, धातूंची झीज आणि अवेळी अपुरे अन्न ही तीन आपल्या मजूर कुटुंबांत रोज दिसतात. यक्ष्म्याच्या रुग्णाचे बळ सांभाळून चिकित्सा करावी, तीव्र शोधन देऊ नये, हाही त्याचाच उपदेश. आधुनिक काळात याला भक्कम पुष्टी मिळाली ती झारखंडमधून. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी तेथील चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांच्या १०,३४५ कुटुंबीयांवर केलेली चाचणी ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या कुटुंबांना महिन्याकाठी जादा तांदूळ आणि डाळ मिळाली, त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. फुप्फुसाच्या जंतुसिद्ध क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांत पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढले तर मृत्यूचा धोका स्पष्टपणे उतरला. तांदूळ आणि डाळ! पेप्टाइडे जागृत करण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा आकडा आपल्या अवलेहाशेजारी ठेवून पाहावा. बृंहणाचा विचार हे आपले वंशपरंपरेचे क्षेत्र. मंदाग्नी असलेल्या कृश रुग्णाला काय, किती आणि कशा क्रमाने खाऊ घालावे, हे आपल्याइतके कोणाला शिकवलेले नाही. शेळीचे दूध, मूग, ज्वारी, तूप ही आपल्या गावातील द्रव्ये आहेत. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात. ते कशावर खर्च करावेत हे सांगणारा वैद्य त्याला हवा आहे.

औषधे सोबत देताना थोडी सावधगिरी हवी. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर ताण आणू शकतात. रुग्णाला मळमळ, अरुची आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर ते केवळ पित्त समजून कुटकी देत बसू नये. त्याच दिवशी यकृताची तपासणी करवून घ्यावी आणि औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. धातुयुक्त रसौषधी या काळात शक्यतो टाळाव्यात, असे आमचे मत आहे. यावर मतभेद असू शकतो. मतभेद असणाऱ्यांनी आपला अनुभव नोंदींसह लिहून पाठवावा.

निदानाच्या बाबतीत आता सबब उरलेली नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजनात घट किंवा थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर पहिल्याच भेटीत थुंकी तपासणीस पाठवावी. गोव्यातील कंपनीने विकसित केलेले 'ट्रूनॅट' यंत्र काही तासांत जंतू आहे की नाही आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही, हे सांगते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. मधल्या काळात खोकल्यासाठी सितोपलादी किंवा वासावलेह देण्यास हरकत नाही. अहवाल येईपर्यंतचा तो आधार आहे, अहवालाऐवजीचा नव्हे. अहवाल नकारात्मक आला आणि तक्रार तशीच राहिली, तर छातीचे क्ष-किरण चित्र आणि वरिष्ठांचा सल्ला घ्यावा.

शेवटी आपल्या भागापुरती एक विनंती. गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि हा हंगामही जवळजवळ तेवढाच. भाद्रपद-आश्विनात निदान झालेला रुग्ण दुसऱ्या महिन्यातच कोप्यावर जातो आणि त्याच्या गोळ्या गावीच राहतात. म्हणून त्या दिवसांत आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक क्षयरुग्णाला, यंदा तोडीला जाणार का, कोणत्या कारखान्याकडे आणि मुकादम कोण, हे विचारावे आणि ते जिल्हा क्षयरोग केंद्रास किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. निक्षय क्रमांक असेल तर त्याच्या औषधांची व्यवस्था दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्राकडे सोपवता येते. हा क्रमांक चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून द्यावा, आणि औषधविक्रेत्यांनी तो आपल्या एच-१ वहीत रुग्णाच्या नावापुढे उतरवून घ्यावा. टोळ्या निघण्यापूर्वी आपापल्या तालुक्यातील अशा रुग्णांची यादी सभासदांनी आश्विन संपण्याच्या आत तालुका प्रतिनिधींकडे द्यावी.